तलाव एकाचा, काठ दुसऱ्याचा: बडोद्याजवळ तंबू लावण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि बराच वेळ झोप लागली नाही. नाशिकहून बदली होऊन चार महिन्यांपूर्वी बडोद्याला आलात, तंबू घरचा आहे, मुलं सहा आणि नऊ वर्षांची. डिसेंबरातल्या एका शनिवारी शंभर किलोमीटरच्या आत, तलावाकाठी, पैसे न भरता एक रात्र काढायची आहे. डभोईच्या पुढे एक जागा हेरून ठेवलीत, तिथल्या सरकारी कचेरीत फोन केलात आणि तिकडून उत्तर आलं, "जाओ ने, कोई ना नथी पाडतुं," म्हणजे जा की, कोणी नाही म्हणत नाही. एवढं पुरेसं आहे का, असं तुम्ही विचारलंय.

नाही हो, पुरेसं नाही. हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, २०१६ च्या डिसेंबरात मी फोनवर ऐकलं होतं. म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले आहे. तंबू कसा ठोकायचा, सामान काय न्यायचं यात मी जात नाही, ते तुम्हाला येतच असणार.

आम्ही पाच जण गेलो होतो. मी, हे, दोन मुलं आणि माझे बाबा. बाबा तेव्हा एकाहत्तरचे. सगळा जन्म बडोद्याच्या रावपुऱ्यात गेला, निवृत्तीनंतर गुडघे धरले, पण पाण्याकाठी चांदण्यात झोपायची त्यांची फार जुनी हौस होती. ती पुरी करायची म्हणूनच तो सगळा घाट घातला होता. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि कचेरीचंही नाही. फोनवर जे गृहस्थ बोलले त्यांचं नाव मी विचारलं नाही. माझी सगळ्यात मोठी चूक ती. आपण परवानगी मागितली, समोरच्याने 'जा' म्हटलं, झालं, अशा समजात मी होते.

संध्याकाळ सुरेख गेली. बदकांचे थवे उतरत होते, बाबा खुर्ची टाकून बसले होते, मुलांना कुठला कोणता पक्षी ते सांगत होते. साडेअकराला तंबूवर बॅटरीचे झोत पडले. मोटारसायकलवरून दोघं आले होते, एक मासेमारीचा ठेका घेणाऱ्याचा राखणदार, दुसरा गावातलाच. त्या महिन्यात जाळी चोरीला जात होती. त्यांनी सरळ विचारलं, कोणी सांगितलं इथे राहायला? मी कचेरीचं नाव घेतलं. कोण साहेब? नाव नाही. कागद? कागद नाही. तो गावातला माणूस शांतपणे म्हणाला, बेन, त्या कचेरीचं पाणी आहे, ही जमीन गावाचं गौचर आहे. आपण ज्याला गायरान म्हणतो ते. त्या दोघांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही उठवलं असतं.

दवाने चिंब झालेला तंबू तसाच बोचक्यात कोंबला आणि निघालो. दिवसा आलो ती वाट अंधारात चुकली. कालव्याच्या लहान फाट्याकडेच्या चाकोरीला लागलो. शेतीची वीज रात्री होती, कोणीतरी गव्हाला पाणी सोडलं होतं आणि ते वाफ्यातून चाकोरीवर आलं होतं. त्या बाजूची काळी माती तुम्ही अजून ओली पाहिली नसेल. चाक एकदा रुतलं की गिअर टाकाल तसं खालीच जातं. पहाटे सहापर्यंत आम्ही तिथेच. सकाळी एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून गाडी ओढली, वर घरी नेऊन चहा पाजला. बाबांनी सगळी रात्र गाडीत पाय खाली सोडून बसून काढली होती, पावलं इतकी सुजली की बूट चढेनात. एका शब्दाने बोलले नाहीत. पण त्यानंतर कधीही विचारलं की म्हणायचे, "तुम्ही जाऊन या." २०१९ मध्ये गेले. ती हौस तशीच राहिली, आणि ते मला अजून लागतं.

नंतर मी त्या कचेरीत तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा जेवणाची सुट्टी, दुसऱ्यांदा साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा टेबलावरचे गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "अमारुं तो पाणी, कांठो अमारो नहीं." मी लेखी अर्ज दिला, त्यावर आवकचा शिक्का मारून घेतला. पुष्कळ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, सदर बाबत अत्रेनी कचेरीने लगती नथी, म्हणजे हा विषय आमच्या कचेरीचा नाही. हीच ओळ आधी फोनवर कोणी म्हटली असती तर आम्ही त्या रात्री आपापल्या गादीवर झोपलो असतो. नकार मिळाला असता तरी मला चाललं असतं. 'माझ्याकडे नाही' हे सांगायला काय जड जातं, हे मला आजवर कळलेलं नाही. असो.

आता कामाचं. इकडच्या एकेका तलावाला तीन-चार धनी असतात. पाणी पाटबंधाऱ्याचं किंवा महापालिकेचं, काठाची जमीन पंचायतीची, महसुलाची, वनखात्याची किंवा कोणा शेतकऱ्याची, मासे ठेकेदाराचे. तुम्ही तंबू पाण्यात लावणार नाही, काठावर लावणार. म्हणून चौकशी काठाची करा. गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर कळला की गुजरातचा सात-बारा एनीआरओआर या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो. तिथे जमीन खाजगी आहे, सरकारी पडतर म्हणजे पडीक आहे की गौचर, याचा अंदाज येतो. मग त्या धन्याला विचारा, शक्यतो समोर जाऊन. मी वकील नाही, नियम बदलत असतात आणि प्रत्येक गावाची रीत वेगळी, तेव्हा माझ्या शब्दावरही आंधळेपणाने जाऊ नका. पण ज्याने हो म्हटलं त्याचं नाव आणि फोन नंबर आपल्याकडे असलाच पाहिजे, यावर मी ठाम आहे. शक्य असेल तर दोन ओळी लिहून घ्या, निदान मोबाइलवर निरोप मागवून ठेवा.

जवळच्या मोठ्या जागांची आशा फुकटच्या हिशेबात ठेवू नका. आजव्याचं सयाजी सरोवर महाराजा सयाजीराव गायकवाडांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलं आणि आजही शहर ते पाणी पितं. त्याच्या काठावर मुक्कामाचा विचारही नको. वढवाणा तलाव २०२१ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, थंडीत राजहंस, चक्रवाक, नाना जातींची बदकं उतरतात. पहाटे जा, पक्षी बघा, दुपारी घरी या. चांपानेरचा वडा तलाव देखणा आहे, पण तो परिसर २००४ पासून जागतिक वारसा आहे, तिथे तंबूचे खुंटे ठोकणं मला पटत नाही. जांबुघोडा हे अभयारण्य. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आत शिरायलाही परवानगी लागते, आणि तिथे अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत. तिथल्याच कडा धरणाशी वनखात्याचं कॅम्प आहे, आगाऊ बुकिंग करून आणि पैसे भरून. मुलं लहान आहेत, पहिलीच वेळ आहे, तर खरं सांगू का, मी पैसे भरून तिथेच जाईन. 'फुकट' या शब्दाचा हट्ट पहिल्या खेपेला तरी सोडा.

हट्ट सोडवतच नसेल तर मला आवडणारा मार्ग असा. गावतळ्याच्या अंगाला ज्याचं शेत आहे असा शेतकरी शोधायचा. आठवडाभर आधी दिवसाउजेडी एक चक्कर मारायची, सरपंचांना भेटायचं, शेताच्या धन्याशी चहा प्यायचा. जागेचे पैसे कोणी मागत नाही, पण बाजरीचे रोटले आणि रिंगणाचं म्हणजे वांग्याचं भरीत त्यांच्याकडूनच घ्या आणि त्याचे पैसे आग्रहाने द्या. राखणदाराला आपण होऊन जाऊन सांगा की आम्ही इतके जण अमुक ठिकाणी आहोत. २०१७ पासून आम्ही असंच जातो. रात्री कोणी उठवलेलं नाही. उलट एकदा पहाटे दूध आणून दिलं.

त्या आधीच्या चकरेत गाडी परत कशी वळवायची आणि रात्री निघावं लागलं तर कोणत्या वाटेने, हेही बघून ठेवा. गाडीचं तोंड रस्त्याकडे करूनच लावा. नर्मदेच्या मोठ्या कालव्याच्या कडेला तर मुक्काम करूच नका. ४५८ किलोमीटरचा तो कालवा दिसायला शांत, पण उतार सिमेंटचा आणि पाण्याला ओढ आहे. पडलेल्या माणसाला हाताला धरायला काही मिळत नाही. आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्यांच्या ध्यानात येत नाही. इथले पुष्कळ तलाव नर्मदेच्या पाण्याने भरले जातात, म्हणजे निरभ्र आकाशाखालीही पाणी चढू शकतं. सुकलेल्या तळ्याची सपाट जागा बघून भुलू नका, ओल्या रेषेच्या बरंच वर राहा.

आणि मगर. शहरातल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत हे एव्हाना तुम्ही ऐकलंच असेल. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या सोसायट्यांतून फिरत होत्या. पण त्या फक्त शहरात नाहीत. आजव्यात आहेत, आसपासच्या तळ्यांतही असतात. पहिला प्रश्न गावातल्या गुराख्याला विचारा, बकरी किंवा कुत्रं कधी गेलं का? थंडीत मगर सकाळी उन्हाला काठावर येते, तेव्हा तुम्ही हेरलेली छान उतरती मऊ जागा कदाचित तिचीच असेल. चिखलात शेपटी ओढल्याची खूण दिसली की सामान उचला. तंबू पाण्यापासून निदान पन्नास पावलं लांब, शंभर असली तर उत्तम. भांडी काठावर धुऊ नका, खरकटं आणि मासळीची घाण पाण्याजवळ टाकू नका. दिवेलागणीनंतर मुलांनी पाण्याकडे जायचंच नाही, हातपाय बादलीत धुवायचे. मार्च लागल्यापासून तर मी काठाला फिरकत नाही, कारण तेव्हा माद्या अंडी घालतात आणि घरट्याची राखण करतात. मी घाबरवते आहे असं वाटेल, पण मुलं सहा आणि नऊची आहेत म्हणून लिहिते आहे.

मण्यारही तितकीच लक्षात ठेवा. ती रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. तंबूची चेन एक क्षणही उघडी नको, बूट आत. पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कोणी रात्री म्हणालं तर वाट न बघता १०८ ला फोन. म्हणून रेंज कुठे येते ते दिवसाच बघा.

नाशिकची मित्रमंडळी बरोबर येणार असतील तर त्यांना आधीच सांगा, गुजरातेत दारूबंदी आहे. मैत्रीखातर गाडीत आणलेली एक बाटली तुमचीच पंचाईत करेल. सरपंचांनी दिलेला शब्दही तिथेच संपतो.

थंडीचं विचारलंत. बडोद्यात जाणवते त्याहून पाण्याकाठी पहाटे बरीच जास्त असते, आणि दव तर असं पडतं की बाहेर वाळत टाकलेला टॉवेल सकाळी पिळता येतो. मुलांना कानटोप्या, खाली जाड सतरंजी. रात्रीला ठेपले आणि लीलो चिवडा न्या, चूल पेटवायचा उत्साह सकाळी असतो, रात्री नसतो. कोरड्या गवताजवळ शेकोटीही नको, आणि शेतधन्याला विचारल्याशिवाय तर अजिबात नको.

तुम्ही हेरलेल्या जागेचं गाव कळवाल का? डभोईकडे आमचे दोन-तीन ओळखीचे शेतकरी आहेत. सर्व्हे नंबर मिळाला तर सात-बारा माझ्याकडून बघून देते, आणि कचेरीत त्या दिवशी फोन कोणी उचलला होता ते नाव आज-उद्यात विचारून ठेवा.