वाचक विचारतात : वाडा कुणाचा आणि राहिले कोण?

प्रश्न : आमच्या दोन चौकी वाड्यात एक समाजसुधारक काही वर्षे भाड्याने राहत होते, असे घरातली जुनी माणसे सांगत आली आहेत. मिळकत पत्रिकेवर त्यांचे नाव नाही. मग वाड्याला वारसा म्हणून काही मोल आहे का?

उत्तर : मिळकत पत्रिकेत मालकी असते, त्यामुळे भाडेकरूचे नाव तिथे नसणारच. म्हणून शोध थांबवू नका. मुंबईच्या मणिभवनाचे मालक रेवाशंकर जगजीवन झवेरी होते, गांधीजी नव्हेत. तरीही १९१७ ते १९३४ या काळातल्या गांधीजींच्या मुक्कामांमुळेच ते घर जपले गेले. मुक्काम लांबलचक असावा लागतो असेही नाही. लंडनमधल्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहिले, तेवढ्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते विकत घेतले. आणि कधी कधी सगळ्या घरापेक्षा त्यातली एकच वस्तू मोलाची ठरते. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्या वास्तूचे महत्त्व सांगताना हौद वगळून चालणारच नाही.

तुम्हाला दोन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतील. ती व्यक्ती कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत तिथे होती, ही पहिली. आज उभा असलेला भाग त्या सालांत होता का, ही दुसरी. पहिलीसाठी सगळे धडपडतात आणि दुसरीकडे कुणाचे लक्षच जात नाही.

पहिलीसाठी घरपट्टीच्या आकारणीची जुनी नोंदवही मागा. ग्रामपंचायतीत तिला नमुना ८ म्हणतात. तिच्यात मालकाशेजारी भोगवटादाराचे, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्याचेही नाव असते. त्या व्यक्तीची छापील किंवा हस्तलिखित पत्रे मिळाली, तर माथ्यावरचे ठिकाण, तारीख आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का पाहा. मुलांचे शाळा प्रवेश आणि नगरपालिकेची जन्म-मृत्यू नोंद यांतही पत्ता सापडतो. गावठाणातल्या घरासाठी सातबारा शोधत बसू नका, तो शेतजमिनीचा असतो. कागद मोडीत असतील तर आधी फोटो काढा, मग जाणकाराकडून वाचून घ्या. आठवणी सांगणाऱ्यांचे बोलणेही नोंदवून ठेवा, पण त्यांनी ते कुणाकडून ऐकले हे लिहायला विसरू नका. एकाच आजोबांकडून ऐकलेली गोष्ट पाच जणांनी सांगितली, तरी पुरावा एकच.

दुसरीसाठी वाडाच वाचायचा. खांबावर किंवा तुळईवर रिकामी खाच दिसली, जिच्यात आज काहीच बसत नाही, तर ते लाकूड बहुधा दुसऱ्या इमारतीतून आलेले असते. लाकडाच्या वयावरून वाड्याचे वय काढले की इथेच फसायला होते. मंगलोरी कौले असतील तर ते छप्पर १८६५ च्या आधीचे नाही, कारण बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचा मंगळूरचा कौलांचा कारखाना त्या साली सुरू झाला. पण कौलावर छापलेले साल पुष्कळदा कारखान्याच्या स्थापनेचे असते, ती कौले भाजल्याचे नव्हे. रंगाचे थर पाहायचे असतील तर दाराआडची, सहज नजरेस न येणारी तळहाताएवढी जागा निवडा. धारदार पात्याने एकेक थर उलगडा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. व्यक्तीच्या काळातला थर कोणता, याचा अंदाज तिथे येतो.

प्रश्न : भिंतीचा गिलावा सुटतो आहे. गवंडी सिमेंटने करून देतो म्हणतो. करावे का?

उत्तर : नको. जुन्या विटा आणि चुना ओल शोषतात आणि पुन्हा सोडतात. सिमेंटचा कडक थर ती ओल आत कोंडतो. मग क्षार विटेत साठून वीट भुगा होते आणि भिंतीत गेलेली तुळईची टोके कुजतात. टोच्याने टोक दाबून बघा. सहज आत गेला तर आधी लाकूड, मग गिलावा. मुरवलेला चुना एक भाग, स्वच्छ चाळलेली वाळू तीन भाग घ्या. भिंत आधी भिजवा. एका वेळी साधारण एक सेंटीमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. उन्हाचा मारा टाळून काही दिवस ओलसर ठेवा, घाईने वाळला की तडे जातात. आणि गिलावा काढण्याआधी भिंतीचे फोटो घ्या. कोनाड्याखाली लिहिलेली अक्षरे अशाच घाईत जातात.

प्रश्न : पाटी लावायची आहे. मजकूर काय असावा?

उत्तर : सिद्ध झाले तेवढेच. नाव, साल, ‘येथे राहत होते’. साल पक्के नसेल तर ‘सुमारे’ लिहा, विशेषणे टाळा. भोक दगडात किंवा नक्षीच्या लाकडात पाडू नका, दोन दगडांमधल्या सांध्यात पाडा. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा हवा. लोखंडी स्क्रू गंजला की फुगतो आणि दगडाची कड उडवतो.