ऑप-अप, सीपीयू आणि बॅटलफील्ड

विमानात तिकिटापेक्षा वरच्या वर्गात जागा मिळणं म्हणजे अपग्रेड; त्याचे हे तीन प्रकार. आधी ऑप-अप, म्हणजे ऑपरेशनल अपग्रेड, नीट समजून घ्या. इकॉनॉमीत जागांपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली की विमान कंपनी स्वतःच्या गरजेपोटी काही जणांना पुढच्या केबिनमध्ये बसवते. हे मागितल्याने मिळत नाही. बहुधा आधी फ्रिक्वेंट फ्लायर कार्डाचा दर्जा बघतात, मग तिकिटाचा भाव. तेव्हा काउंटरवर ‘बघा ना, जमतंय का’ म्हणत गळ घालू नका. त्यांचाही वेळ जातो आणि आपलाही मान.

सीपीयू (कॉम्प्लिमेंटरी प्रीमियर अपग्रेड) हे युनायटेड या अमेरिकन विमान कंपनीच्या ‘प्रीमियर’ दर्जाच्या सभासदांना मिळणारं फुकट अपग्रेड. अमेरिकेत गेटवरच्या पडद्यावर त्याची यादी लागते: आडनावाची पहिली तीन अक्षरं, नावाचं एक.

बॅटलफील्ड, म्हणजे विमानात बसल्यावर ऐनवेळी मिळणारं अपग्रेड, ही मात्र खरी मजा! तुम्ही पट्टा लावून बसलेले, दार बंद व्हायची वेळ, आणि गेट एजंट नवा बोर्डिंग पास घेऊन थेट तुमच्या रांगेपाशी. म्हणूनच सांगते, आपल्या नंबरच्या सीटवरच बसा. परस्पर अदलाबदल केलीत तर तो तुम्हाला शोधणार कुठे? एकट्याला संधी जास्त, कारण शेवटी बहुतेकदा एकच जागा उरते. जोडीने जात असाल तर पुढे कोण जाणार हे घरूनच ठरवून निघा.