नाशिकच्या हवेत बागेची वही कशी ठेवावी

साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक महिन्याला आठ-दहा पानं राखून ठेवा. पुढच्या वर्षीची नोंद त्याच महिन्यात, जुन्या नोंदीखाली करा. तारखेपुढे वर्ष लिहायला विसरू नका.

“पाणी घातलं” ही नोंद पुढे काही कामाची नाही. “टोमॅटो, १२ इंची कुंडी, बोटभर खोल माती कोरडी, दीड लिटर” असं लिहा. पानं पिवळी पडली तर कोणती, हे हमखास टिपा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर बहुधा नत्र कमी आहे. शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. चुनखडीच्या काळ्या मातीत हे वरचेवर दिसतं, तिथे युरिया टाकून उपयोग नाही.

मृगाआधी कुंड्यांची भोकं मोकळी करा. पावसाळ्यात निचरा सांभाळला तरी पुष्कळ झालं.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात, पण परतीचा पाऊस पुरता थांबल्यावरच. ओल्या हवेत छाटलं तर कापाच्या टोकापासून फांदी काळी पडत खाली वाळत जाते. छाटणीची तारीख लिहा, फुलं साधारण दीड ते दोन महिन्यांनी येतात. मेथी-पालक त्याच सुमारास, दर १५ दिवसांनी थोडं थोडं पेरा.

डिसेंबर-जानेवारीत रोजचं किमान तापमान लिहा. पारा १० अंशांखाली गेला की मिरची थबकते. तेव्हा खत वाढवू नका. मार्च लागताच पालापाचोळ्याचं दोन इंच आच्छादन, खोडापासून थोडं लांब.