आधी ब्युरेट, मग यंत्र

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी माजी विद्यार्थ्यांनी ३ लाख रुपये जमवले आहेत. आम्लपावसाने ठाण्याच्या तलावांचं पाणी बदलतंय का, हे मुलांनी दरवर्षी मोजावं असं मनात आहे. संस्थेचं म्हणणं, एकच मोठं यंत्र घ्या. काय करावं?
– एक शिक्षिका, नौपाडा, ठाणे

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, इतकं बरं वाटलं. पण मोठं यंत्र नको. आम्लपावसातलं सल्फेट-नायट्रेट मोजणारं आयन क्रोमॅटोग्राफ ३ लाखांत बसत नाही, आणि बसलं तरी त्याचे कॉलम (हे घटक वेगळे करणाऱ्या नळ्या) नि दुरुस्ती दरवर्षी पैसे मागतात. तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात पाणी तपासण्यात माझी २६ वर्षं गेली. देणगीतून आलेलं असंच एक यंत्र एका महाविद्यालयात कॉलमअभावी चादरीखाली पडलेलं पाहिलंय. आठवलं की अजून जीव हळहळतो.

तुम्ही अल्कलिनिटी मोजा, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे स्वच्छ पावसाचाही पीएच (आकडा जितका कमी, तितकं पाणी आम्ल) ५.६ च्या आसपास असतो, आम्लपाऊस त्याखाली. पण तलावातलं बायकार्बोनेट हे आम्ल पचवत राहतं. ते संपत येईपर्यंत पीएच फारसा हलत नाही, मग मात्र झपाट्याने उतरतो. नुसत्या पीएचवर नजर ठेवली तर कळायला उशीर होतो.

आणि यासाठी लागतं काय? ब्युरेट, म्हणजे खाली नळ असलेली खुणांची काचनळी, ०.०२ नॉर्मल तीव्रतेचं सल्फ्युरिक आम्ल, आणि रंग बदलून खूण देणारं मिथाइल ऑरेंज. १०० मिली पाण्यात मिथाइल ऑरेंज टाकून थेंब थेंब आम्ल सोडायचं, पिवळा रंग नारिंगीकडे झुकला की नळ बंद. जितके मिली आम्ल लागलं त्याच्या दहापट, लिटरमागे तितके मिलिग्रॅम ही अल्कलिनिटी, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. बुडाशी पांढरा कागद ठेवा, रंग नीट दिसतो.

खर्च करायचा तो चांगल्या पीएच मीटरवर आणि त्याच्या, कमी क्षारांच्या पाण्यासाठीच्या इलेक्ट्रोडवर (पाण्यात बुडवायची कांडी). तोही एक जादा घ्या. पावसाच्या पाण्यात साध्या इलेक्ट्रोडचा आकडा ठरतच नाही, सरकत राहतो. पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा कंडक्टिव्हिटी मीटर हवाच. सल्फेटसाठी बेरियम क्लोराइड घालून येणारा गढूळपणा साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (पाण्यातून पार होणारा प्रकाश मोजणारं उपकरण) मोजता येतो. उरलेली रक्कम मुदत ठेवीत टाका, व्याजातून बफर (मीटर जुळवून घ्यायची द्रावणं) आणि नवे इलेक्ट्रोड येतील. संस्थेला हे पटवणंच अवघड जाईल, पण हट्ट सोडू नका.

एकट्या मासुंदा तलावावर विसंबू नका. शेवाळामुळे तिथला पीएच दुपारी चढतो, शिवाय शहराचं पाणी त्यात मिसळतं. जोडीला येऊरच्या जंगलातला एखादा ओढा धरा. राष्ट्रीय उद्यानाची हद्द असल्याने वनखात्याची परवानगी आधी काढा. नमुना नेहमी सकाळी एकाच वेळी घ्यायचा. जूनच्या पहिल्या सरींत धुळीतला चुना असतो, तो आम्ल मारतो; तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, पाऊस परतेपर्यंत बाटल्या भरत राहा.

तीन पावसाळ्यांच्या नोंदी हाती आल्या की कंपन्यांकडे जा. २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक जबाबदारीच्या निधीत शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही बसतं. तेव्हा मोठं यंत्र मागा, आणि मागताना पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच अर्जात लिहा.