आधी ट्रंक उघड

चि. पोरी,

आजोबांवरच्या लेखाचं तुझं दीड पान वाचलं. "आजोबा शिस्तप्रिय, देवभोळे आणि घराचा आधारवड होते." हे वाक्य कुणाच्याही आजोबांना चिकटतं. शिरोळकडच्या सैनिक टाकळीत असे आजोबा घरटी एक निघतील. वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलंय आणि सुरुवात सुचत नाही म्हणतेस. सुचायची वाट कशाला बघायची? माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढ. ते कसे होते ते लिहू नकोस, काय करायचे ते लिही.

पहिल्यांदा डिस्चार्ज बुक शोध, लष्करातून सुटताना मिळालेलं. नंबर, भरतीची तारीख, पलटण, शेवटचा हुद्दा त्यात मिळेल. गाव प्रत्येक पेन्शनीला 'सुभेदार' म्हणतं. बुकात हवालदार असेल तर हवालदारच लिही, त्यात कमीपणा कसला? जन्मतारीख १ जून दिसली तर बहुधा शाळेत मास्तरांनी घातलेली. आत्याला विचार, कुठल्या सणाच्या आगंमागं जन्मले. बुक सापडलं नाही तर पीपीओवरचा, म्हणजे पेन्शनच्या आदेशावरचा नंबर घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, पण तिथं नंबराशिवाय माणूस सापडत नाही.

मग मेडलं. कडेवर भिंग धर, नंबर आणि नाव कोरलेलं असतं. तू "१९७१ ला बांगलादेशात लढले" असं ठोकून दिलंयस. कशावरून? संग्राम मेडल दोन्ही सरहद्दींवरच्या जवानांना मिळालं, त्यावरून काही ठरत नाही. 'पूर्वी स्टार' नावाचं मेडल असेल तर पूर्वेला होते, 'पश्चिमी स्टार' असेल तर पश्चिमेला. पलटण पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, आणि मेडल 'पूर्वी स्टार', असं दोन्ही जुळलं तरच बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईचं नाव घे. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. त्याला शौर्यपदक म्हणून हसू करून घेऊ नकोस. आणि ब्रासो लावून घासायचं नाही, अक्षरं झिजतात.

२०१९ च्या पुरात ट्रंकेत पाणी गेलं होतं ना? काचेला चिकटलेला फोटो ओढलास तर चेहरा काचेवर राहील. काचेसकट, खिडकीच्या तिरप्या उजेडात मोबाईलनं टिपून घे. लॅमिनेशन तर अजिबात नको, एकदा केलं की कागद परत मिळत नाही. मनीऑर्डरीची खालची कुपनं मात्र जप. पैशांबरोबर दोन ओळी लिहायची जागा तिथंच असायची. "म्हशीला पेंड घाला, पोराला शाळेत घाला." दोन ओळींत घर चालवणारा माणूस दिसतो. आधारवड कशाला लागतोय?

आता देवभोळेपण. जोतिबाचे खेटे तू एका ओळीत उरकलेस! माघातले रविवार, कोल्हापुरातून डोंगरापर्यंत अनवाणी चालत. किती वाजता निघायचे? कुशिऱ्यावरून गायमुखाकडं चढताना बोलायचे की गप्प असायचे? परतल्यावर खोबऱ्याचा पहिला तुकडा कुणाच्या हातावर पडायचा? चैत्र यात्रेला रजा मिळाली नाही त्या वर्षी घरच्यांनी पाकिटातून गुलाल पाठवला होता का? पाठवला असेल तर पाकिटाच्या घडीत नख फिरवून बघ, अजून गुलाबी लागेल. काय करायचे ते लिही म्हणतो ते यासाठी.

थोरल्या काकांशी चार वर्षं अबोला होता, तरी पंगतीत त्यांचं ताट आपल्यासमोरच वाढायला लावायचे. हे तू मला पत्रात लिहिलंस आणि लेखातून गाळलंस. का? घरचे रागावतील म्हणून? रागावू देत. अशी भांडणं मी पुष्कळ स्मरणिकांतून काढून टाकली आणि आता ती पानं माझ्याच्यानं वाचवत नाहीत. छपाईचे पैसे घरच्यांचे होते, नाही म्हणणं अवघड होतं, हेही खरं. पण तुझ्या लेखाला पैसे कुणी देत नाहीये. काका हयात आहेत, तेव्हा छापण्याआधी तेवढा परिच्छेद त्यांना वाचून दाखव. खोडायचा की नाही ते मात्र तू ठरव.

आत्याकडं उद्याच जा. "आजोबा कसे होते?" विचारलंस तर ती डोळ्याला पदर लावेल आणि तिथंच संपेल. "रजेवर आले की ट्रंकेतून पहिलं काय काढायचे?" असं विचार. ती भाकरी थापत असताना विचार. मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून फळीवर ठेव, स्टोव्हपासून लांब. नाहीतर नुसती फरफर ऐकत बसशील.