रोमन लेखक वाचायला घेताय? हॅनिबलपासून सुरुवात करा

सुट्या सुभाषितांचे संग्रह आधी बाजूला ठेवा. वाक्य कुणी, कुठल्या प्रसंगी म्हटलं हे कळल्याशिवाय ते अंगी लागत नाही. थेट लिव्ही या रोमन इतिहासकाराच्या रोमच्या इतिहासातली 21 ते 30 ही पुस्तकं घ्या. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी रोमने केलेलं अख्खं युद्ध त्यांत आहे.

इ.स.पू. 216 मधल्या कॅनीच्या लढाईपाशी मात्र घाई नको. रोमची प्रचंड फौज एका दिवसात कापली गेली. हरलेला सेनापती व्हारो परतला तेव्हा सगळ्या थरांतले लोक त्याला सामोरे गेले आणि प्रजासत्ताकाची आशा सोडली नाही म्हणून त्याचे आभार मानले! हाच कार्थेजचा सेनापती असता तर त्याला कुठलीही शिक्षा चुकली नसती, असं लिव्ही तिथेच सांगतो. पराभवात माणसं कशी वागू शकतात हे मला या एका प्रसंगाने जितकं शिकवलं, तितकं शंभर सुविचारांनी नाही.

मग 30 व्या पुस्तकातली झामाच्या लढाईआधीची भेट वाचा. दैव कसं फिरतं हे थकलेला हॅनिबल तरुण रोमन सेनापती स्किपिओला परोपरीने समजावतो. भाषण लिव्हीने रचलेलं आहे, तेही जवळपास दोनशे वर्षांनी. एवढं ध्यानात असू द्या. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाची पत्रं त्यानंतर. रोज एकच.