थिन-फिल्म हेड म्हणजे 'पातळ चित्रपट' नव्हे ओ

पॉलिटेक्निकला शिकवणाऱ्या एका मॅडमनी विचारलंय, पोरांसाठी हार्डडिस्कच्या नोट्स मराठीत काढतायत, तिथं 'थिन-फिल्म मॅग्नेटिक हेड'चं मशीननं 'पातळ चित्रपट चुंबकीय डोके' करून दिलं, तर बरा शब्द कुठला, आणि ते हेड म्हणायचं का ती हेड. हेड म्हणजे हार्डडिस्कमधल्या फिरत्या तबकडीवर माहिती लिहिणारा आणि वाचणारा बारीक भाग.

आता आमच्याकडं सोलापुरात पातळ म्हटलं की आईला नेसायचं पातळ आठवतं, मला आमटी. त्यात चित्रपट म्हणजे संपलंच. पण मशीनला तरी किती बोलायचं, इंग्रजीत फिल्म म्हणजे मुळात पातळ पडदा, त्वचेसारखा, सिनेमा नंतर आला, तोही पट्टीवरच्या पातळ थरावरनं. आपल्याकडं शब्द थेट थेटरातनं आला म्हणून घोळ.

मग ह्या फिल्मला काय म्हणायचं? पापुद्रा नको, तो भाकरी फुगली की भाकरीतनंच सुटतो, हेडवरची फिल्म सुटली तर हेड गेलंच. वर्खही नको, वर्ख दुसरीकडं कुटून आणून मिठाईवर लावतात. इथं फिल्म जागच्या जागी चढवतात, निकेल-लोखंडाचा मिश्रधातू तर चक्क इलेक्ट्रोप्लेटिंगनं, म्हणजे मुलामाच की, असं मलापण वाटलं होतं. पण मुलाम्यात किंवा कल्हईत भांडं महत्त्वाचं असतं, वरचं नुसतं वरचं. हेडमध्ये उलटं आहे, खालचा सिरॅमिकचा तुकडा नुसता आधाराला, काम सगळं वर चढवलेल्याचं, तांब्याचं वेटोळंसुद्धा तसंच छापून काढलेलं. आधी फेराइटच्या, म्हणजे लोहयुक्त चुंबकी सिरॅमिकच्या ठोकळ्याला बारीक तार गुंडाळून हेड करायचे, आयबीएमनं १९७९ला ३३७० डिस्कमध्ये हे नवीन हेड आणलं, चिप बनवतात तशा एका चकतीवर ढीगभर हेडं एकदम तयार करायची आणि मग कापायची.

म्हणून माझं मत 'थर'. आणि थर एक नाही, अनेक, हे महत्त्वाचं. १९९१पासून एकाच हेडात लिहायला वेटोळं आणि वाचायला वेगळा भाग यायला लागला, चुंबकत्व बदललं की त्याचा विजेला होणारा रोध बदलतो, त्यावरनं वाचायचं. पुढं १९९७ला जे जीएमआर (जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, म्हणजे चुंबकत्वानं रोध खूपच बदलणं) हेड आलं ते तर थरांवरच चालतं, दोन चुंबकी थर आणि मधे तांब्यासारखा बिनचुंबकी थर, जाडी नॅनोमीटरमधली. दोन्ही चुंबकी थर एका दिशेला तोंड करून असले तर वीज सहज जाते, उलटसुलट असले तर अडते. ह्याच शोधाला फर्ट आणि ग्र्युनबर्ग ह्या भौतिकशास्त्रज्ञांना २००७चं नोबेल मिळालं. तिथं फिल्मला एकवचनी 'पटल' लिहिलं की गंमतच मेली, आणि पटल म्हटलं की मला तरी सभागृहच दिसतं.

डोकं मात्र काढून टाका. मराठीत अवजाराच्या कामाच्या बाजूला आपण तोंड नाहीतर टोक म्हणतो, डोकं खिळ्याला असतं आणि त्यावर हातोडा बसतो. 'शीर्ष' परीक्षेत चालेल. पण कॅसेटच्या काळात टेप कुईकुई करायला लागला की कापसाला स्पिरिट लावून जे पुसायचो त्याला घरात सगळे हेडच म्हणायचे, ती सवय मोडायचं कारण काय?

तर पहिल्यांदा 'पातळ थरांचं चुंबकी हेड' लिहा, पुढं नुसतं हेड. आणि ते हेड, नपुंसकलिंगी. 'टेपचं हेड घाण झालंय' असंच म्हणतो आपण. अनेकवचन हेडं, हेड्स नको.